विटा-स्लॅबच्या घरात खोल बेस: वेगळ्या वाटेचे सबवूफर आणि त्यातलं आपल्याला काय लागू पडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला स्वतःचा बंगला आहे. तळमजल्यावरची १८ बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली होम थिएटरसाठी मोकळी केली आहे. सध्या १२ इंची, पोर्टवाला (डब्याला हवेसाठी नळीचं भोक असलेला) तयार सबवूफर आहे आणि तो २५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २५ कंपनांच्या, खाली गप्प होतो. तुम्हाला १५ हर्ट्झपर्यंत उतरायचं आहे. टॅप्ड हॉर्न, इन्फिनिट बॅफल, पंख्यासारखा फिरणारा रोटरी वूफर, पुठ्ठ्याच्या जाड नळीतला सबवूफर असं सगळं तुम्ही पाहून झालात. खोलीला लागून ७ बाय ६ फुटांची अडगळीची खोली आहे, सुतार चांगला आहे, यातलं काय करावं?

मी पंचवीस वर्षं पुण्यात स्पीकर बांधतो आणि लोकांच्या घरी थिएटर बसवतो. तुम्ही नाव घेतलेले बहुतेक प्रकार मी स्वतः बांधलेत किंवा बांधलेले मोजलेत. आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हे प्रकार वाढले अमेरिकेत, लाकडी सांगाड्याच्या घरांत. तिथे भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेला जिप्समचा तक्ता. खोल बेस आला की ती भिंत स्वतःच हलते आणि बेस बाहेर निसटतो. फळ्यांची जमीन मात्र थरथरते, त्यामुळे सोफ्यात बसलेल्या माणसाला हादरा फुकट मिळतो. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. नऊ इंची विटांची भिंत आणि आरसीसीचा स्लॅब बेसला धरून ठेवतात, पण टाइल लावलेली जमीन ढिम्म हलत नाही. म्हणजे आपल्या खोलीत दाब भरपूर मिळतो आणि स्पर्श जवळजवळ शून्य. तिकडची यादी इकडे जशीच्या तशी उचलली, तर जे आधीच भरपूर आहे त्यावर पैसे जातात आणि जे नाही ते तसंच राहतं.

आता खोल बेस म्हणजे नेमकं काय, ते पक्कं करू. गणपतीच्या मिरवणुकीत छातीत बसतो तो दणका साधारण ५० ते १०० हर्ट्झचा. आपण ज्याला सरसकट डॉल्बी म्हणतो, त्या भिंतीएवढ्या सिस्टीम ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत. उघड्या रस्त्यावर लांबपर्यंत जोर पोचवणं हे त्यांचं काम, आणि त्यासाठी खालचे सूर सोडून दिलेले असतात. १६ हर्ट्झ ही वेगळी चीज आहे. मोठ्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनच्या ३२ फुटी नळीचा सगळ्यात खालचा सूर तो. तो कानाला सूर म्हणून कळत नाही. खोलीतली हवा जड झाल्यासारखी वाटते, दाराचा पडदा आत-बाहेर श्वास घेतो, पोटात हलकं काहीतरी सरकतं. शिवाय कान इथे फार मंद आहे. २० हर्ट्झचा आवाज नुसता जाणवायलाच सुमारे ७८ डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) लागतात आणि १० हर्ट्झला सुमारे ९७. पण एकदा ती पायरी ओलांडली की दोन-चार डीबींचा फरकही मोठा वाटतो. म्हणूनच खालच्या टोकाला थोडीशी वाढ मिळाली, तरी माणूस चमकून बघतो.

सबवूफर कुठल्याही आकाराचा असो, शेवटी त्याला हवा ढकलायची असते. उघड्यावर एक सप्तक खाली जायचं, म्हणजे ४० वरून २० किंवा २० वरून १०, तर तेवढाच आवाज ठेवायला चौपट हवा ढकलावी लागते. एक चांगला १८ इंची स्पीकर, कोन (पुढेमागे हलणारा पडदा) एका बाजूला १४ मिमी सरकणारा, २० हर्ट्झला एका मीटरवर सुमारे १०५ डीबी देतो. तोच १० हर्ट्झला ९३ वर येतो. ही तूट भरून काढण्यासाठीच सगळे विचित्र दिसणारे डबे जन्माला आले.

बंद खोलीत मात्र हिशेब बदलतो. तुमची खोली १८ फूट, म्हणजे साडेपाच मीटर लांब. या लांबीत अर्धी तरंगलांबी बसते ती ३१ हर्ट्झला. त्याच्या खाली खोलीत लाटा उभ्या राहायला जागाच नाही. संपूर्ण खोली एखाद्या फुग्यासारखी एकदम दाबली जाते आणि एकदम सैल सुटते. खोलीत हवा आहे सुमारे ६१,००० लिटर. समजा चार १५ इंची स्पीकर मिळून ४ लिटर हवा ढकलतात. खोली अगदी हवाबंद आणि भिंती ताठ धरल्या, तर कागदावर ११० डीबी येतात, आणि ते २० हर्ट्झला जेवढे तेवढेच १० हर्ट्झला. हेच चार स्पीकर मैदानात ठेवून साडेतीन मीटरवर बसलात, तर १० हर्ट्झला जेमतेम ९० डीबी मिळतील. प्रत्यक्षात दाराच्या फटी, खिडकीचे ट्रॅक, एसीचं भोक यांतून गळती होते, म्हणून खरा आकडा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो. पण आपल्या बांधकामात तो वरच्या आकड्याकडे झुकतो.

यावरून डबा निवडायची दिशा ठरते. बंद डब्यातला सबवूफर आपल्या नैसर्गिक मर्यादेखाली सप्तकाला १२ डीबीच्या उताराने उतरतो. बंद, ताठ खोली त्याच भागात साधारण त्याच चढाने उचलून धरते. उतार आणि चढ एकमेकांना मिटवतात. पोर्टवाला डबा मात्र त्याच्या सुराखाली सप्तकाला २४ डीबीने कोसळतो आणि खोलीने कितीही हात दिला तरी अर्धीच भरपाई होते. तुमचा १२ इंची २५ हर्ट्झखाली गप्प होतो त्याचं कारण हेच. त्यात दोष असा काही नाही, त्याचा स्वभावच तो.

म्हणून तुम्हाला माझं सरळ उत्तर: इन्फिनिट बॅफल. शेजारी रिकामी खोली असणं हे भाग्य आहे, ते वाया घालवू नका.

इन्फिनिट बॅफल म्हणजे डबाच नसलेला सबवूफर. स्पीकरचं तोंड थिएटरकडे आणि पाठ शेजारच्या मोठ्या, बंद जागेकडे. मागची हवा इतकी असावी की कोनाला तिचा स्प्रिंगसारखा विरोध जाणवू नये. स्पीकरच्या माहितीपत्रकात व्हीएएस नावाचा आकडा लिटरमध्ये दिलेला असतो. सगळ्या स्पीकरांचा मिळून जो व्हीएएस होईल त्याच्या निदान चौपट आणि शक्यतो दहापट जागा मागे हवी. चार १५ इंची स्पीकर, प्रत्येकी २०० लिटर धरले तर एकूण ८००, दहापट म्हणजे ८,००० लिटर. तुमची ७ बाय ६ ची खोली ९ फूट उंच असली तरी साडेदहा हजार लिटरच्या वर भरते. थोडं सामान राहिलं तरी चालेल.

भिंत फोडायची गरज नाही, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय फोडूही नका. कॉलम आणि बीमला तर हातच लावायचा नाही. अडगळीच्या खोलीचं दार थिएटरमध्ये उघडत असेल, तर त्या चौकटीतच पाऊण इंची मरीन प्लायचे दोन थर चिकटवून बॅफल, म्हणजे स्पीकर धरणारा तक्ता, बसवता येतो. मी अशी दोन कामं केली आहेत. चौकट नऊ इंची भिंतीत पक्की रोवलेली असते, फक्त बॅफल आणि चौकट यांच्यात रबरी पट्टी आणि सिलिकॉन नीट भरावं लागतं. मात्र अडगळीत जायला दुसरीकडून वाट हवी. तशी नसेल, तर बॅफलचा एक भाग नटबोल्टने काढता येईल असा ठेवा.

स्पीकर थेट बॅफलवर तोंड करून लावू नका. प्लायची एक चौकोनी पेटी करा, साधारण २ फूट बाय २ फूट, थिएटरकडची बाजू उघडी. तिच्या चारही बाजूंना एकेक स्पीकर, कोनाचं तोंड पेटीच्या आत. डावा उजव्याच्या समोर, वरचा खालच्याच्या समोर. चारही कोन एकदम आत ढकलले जातात, हवा उघड्या तोंडातून थिएटरमध्ये येते आणि समोरासमोरचे धक्के एकमेकांना खोडतात. तोंडाचं क्षेत्रफळ चारही कोनांच्या एकूण क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी नको, नाहीतर हवा फुसफुसते. वर-खाली लावलेल्या कोनांची लोकांना काळजी वाटते की वजनाने ते लोंबतील. १८ हर्ट्झच्या आसपास नैसर्गिक सूर असलेला कोन आडवा केला, तर पाऊण मिमीपेक्षा किंचित जास्त खाली बसतो. १२ मिमी सरकणाऱ्या स्पीकरला तेवढं चालतं.

धक्के खोडण्याचं महत्त्व मला एका कामात नीट कळलं. कोल्हापूरजवळच्या एका बंगल्यात अशीच पेटी बसवली. संध्याकाळी पहिल्यांदा चालू केली तर बेस अर्धामुर्धा, वर नुसती भणभण. मी पाण्याने काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला पेटीवर ठेवला आणि १६ हर्ट्झचा सूर लावला. पाण्यावर लाटा उठल्या आणि पाणी काठावरून सांडलं. तिथेच कळलं की एका स्पीकरची वायर उलटी जोडली गेली आहे. समोरासमोरच्या जोडीत एक उलटा झाला की एक कोन आत येतो तेव्हा दुसरा बाहेर जातो. हवा या कोनाकडून त्या कोनाकडे सरकते, त्या जोडीकडून खोलीत काहीच येत नाही, आणि धक्के खोडले जाण्याऐवजी एकत्र होऊन लाकडावर येतात. वायर बदलली, पेला पुन्हा भरला, तोच सूर, तेवढाच जोर. या वेळी पाणी आरशासारखं स्थिर होतं आणि पलीकडच्या भिंतीवरची फोटोची फ्रेम थाडथाड वाजत होती. तेव्हापासून पाण्याचा पेला माझ्या हत्यारांच्या पेटीतच असतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर वायरला लावून चारही कोन एकाच दिशेने उडी मारतात का, ते तुम्ही आधीच बघून घ्या.

स्पीकर निवडताना गल्लीतल्या पीए दुकानातला १८ इंची घेऊ नका. त्याचा नैसर्गिक सूर ३५-४० हर्ट्झला असतो आणि कोन फार सरकत नाही. मिरवणुकीसाठी तो योग्य, इथे निरुपयोगी. माहितीपत्रकातला क्यूटीएस हा आकडा (हललेला कोन किती लवकर शांत होतो ते सांगणारा) ०.६ ते ०.८ च्या दरम्यान, नैसर्गिक सूर २० हर्ट्झच्या आसपास किंवा खाली आणि कोनाची चाल निदान १२ मिमी, एवढं पाहा. डेटन ऑडिओचा आयबी ३८५ हा १५ इंची स्पीकर खास याच कामासाठी बनवलेला आहे. बाहेरून मागवलेला जड स्पीकर पार्सलमध्ये आपटून मॅग्नेट सरकण्याचा धोका असतो. डबा उघडल्यावर दोन्ही पंजे कोनावर पसरून सावकाश आत दाबा. आतून खर्र असा घासल्याचा आवाज आला, तर तो स्पीकर परत करा. सराउंड, म्हणजे कोनाच्या कडेची लवचिक पट्टी, रबराचा घ्या. फोमचा सराउंड दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन गळतो. कोकणात तर मी फोमला हातच लावत नाही आणि एमडीएफलाही नाही, तो कडेने फुगतो.

पॉवर फार लागत नाही, कारण मागे हवेची स्प्रिंग नाही. प्रत्येक स्पीकरला १५०-२०० वॉट पुरतात. पण स्प्रिंग नाही म्हणजे कोनाला लगामही नाही. १० हर्ट्झखालचं सगळं कापणारा फिल्टर आणि जोर मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर लावल्याशिवाय सिनेमा सुरू करू नका.

आता एक गोष्ट, जी बांधल्यावर लोकांच्या लक्षात येते. स्पीकर जेवढी हवा पुढे ढकलतात तेवढीच मागेही. तुमचं थिएटर ६१,००० लिटरचं, अडगळ साडेदहा हजारांची. हवा तेवढीच, जागा सहावा हिस्सा, म्हणजे खालच्या सुरांना अडगळीत दाब जवळजवळ सहापट, सुमारे १५ डीबी जास्त. अडगळीचं दुसरं दार स्वयंपाकघराकडे उघडत असेल आणि ते पोकळ फ्लश डोअर असेल, तर मांडणीवरची भांडी नाचतील. ते दार भरीव करा, चारही कडांना रबर लावा, चौकटीत घट्ट बसेल अशी कडी ठेवा. एक्झॉस्ट फॅनचं भोक विटांनी बंद करा. पत्र्याचे डबे, जुनी सायकल, पितळी भांडी तिथून हलवा. गाद्या आणि कपड्यांची गाठोडी ठेवलीत तर उत्तम.

बाकीच्या प्रकारांपैकी टॅप्ड हॉर्नविषयी मला आदर आहे. टॉम डॅनली या अमेरिकन माणसाने हा प्रकार पुढे आणला. त्याआधी इंटरसॉनिक्स कंपनीत तो आवाजाच्या जोरावर वस्तू हवेत तरंगवण्याच्या, नासासाठीच्या कामात होता. तिथेच त्याने मोटर आणि पट्ट्यांनी कोन हलवणारे सर्व्होड्राइव्ह सबवूफर केले. टॅप्ड हॉर्नमध्ये कोनाची एक बाजू हॉर्नच्या सुरुवातीला उघडते आणि दुसरी तोंडाजवळ. दोन्हींचं काम एकाच नळीत जमा होतं. आपल्या पट्ट्यात तो इतका जोरकस असतो की कोन जेमतेम हललेला दिसतो आणि खोली मात्र भरून जाते. पण १६ हर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे ५.४ मीटरची नळी. ती घडी घालून बसवायची तर कपाटाएवढा डबा होतो. मी बांधलेला ७ फूट उंच होता. दारातून आत जाईना, म्हणून शेवटची बाजू खोलीतच चिकटवावी लागली. आणखी तीन अडचणी आहेत. ठरलेल्या सुराखाली तो कडेलोट व्हावा तसा कोसळतो आणि तिथे कोनावरचा ताबा सुटतो, म्हणून खालचं कापणारा हाय-पास फिल्टर अनिवार्य. वर ७०-८० हर्ट्झनंतर आलेख करवतीसारखा होतो, त्यामुळे पुढच्या स्पीकरांशी जुळवायला कष्ट पडतात. आणि आवाज टेपने मोजलेल्या अंतरापेक्षा काही मीटर लांबून आल्यासारखा उशिरा येतो. रिसीव्हरमध्ये सबवूफरचं अंतर मोजून वाढवलं नाही तर ढोलाचा ठोका फाटतो. मोठा हॉल असेल, चाळीस माणसं बसणार असतील, तर मी आजही टॅप्ड हॉर्नच बांधेन. तुमच्या खोलीत नाही.

रोटरी वूफर खरोखर विलक्षण यंत्र आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या एमिनंट टेक्नॉलॉजीच्या ब्रूस थिगपेन यांचं हे काम. पंखा एकाच गतीने फिरत राहतो. सिग्नल आला की व्हॉइस कॉइल (एरवी स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) त्याच्या पात्यांचा तिरकेपणा बदलते. पाती एका बाजूला कलली की हवा पुढे, दुसऱ्या बाजूला कलली की मागे, आणि सरळ असली की हवा जागच्या जागी. इथे स्पीकरचा पडदाच नाही, म्हणून चाल संपण्याचा प्रश्नच उरत नाही, त्यामुळे १ हर्ट्झपर्यंतही तो उतरतो. पण २०-३० हर्ट्झच्या वर त्याचा उपयोग नाही, म्हणजे नेहमीचा सबवूफर घ्यावाच लागतो. पंख्याची घरघर दाबायला मध्ये वेगळी कोठडी बांधावी लागते. मागे मोठी बंद जागा हवीच. किंमत हजारो डॉलरमध्ये. आणि ज्या ५ ते १५ हर्ट्झसाठी हे करायचं, तिथे बऱ्याच सिनेमांत काहीही नसतं. तुमच्या विटांच्या खोलीत चार कोन ते काम बव्हंशी करतात.

पुठ्ठ्याच्या नळीतला सबवूफर म्हणजे शेवटी पोर्टवालाच डबा. नळी गोल असल्यामुळे ताठ आणि हलकी, एवढंच. काँक्रीटचे कॉलम ओतायच्या त्या नळ्या अमेरिकेत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात म्हणून तिथे तो स्वस्त पडतो. आपल्याकडे त्या आकाराची नळी शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात सुतार चांगला प्लायचा डबा करून देईल. आयसोबॅरिक, म्हणजे एकामागे एक दोन स्पीकर, डबा निम्मा करतो आणि खर्च दुप्पट. आवाज वाढत नाही. जागा नसलेल्याने करावा. बँडपास, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलाच बेस बाहेर सोडणारा डबा, एका सुरावर घुमतो, तो गाडीच्या डिकीत राहू द्या. ट्रान्समिशन लाइन, म्हणजे कोनामागे घडी घातलेली लांब नळी असलेला डबा, १९६५ साली आर्थर बेली यांनी लेख लिहून लोकप्रिय केली. तिचा बेस मला फार आवडतो, गाण्यातला चेलो आणि तबल्याचा डग्गा तिच्यावर ऐकावा. पण २० हर्ट्झची पाव तरंगलांबी ४.३ मीटर. सिनेमाच्या जोरासाठी ही वाट लांबची पडते.

एक प्रकार तुम्ही विचारला नाहीत, तरी तुमच्या खोलीला तो शोभेल: डबल बेस ॲरे. समोरच्या भिंतीवर चार स्पीकर, बाजूच्या भिंतींपासून ३ फुटांवर आणि जमीन व छतापासून अडीच फुटांवर, म्हणजे रुंदी-उंचीच्या पाव आणि पाऊण रेषांवर. चौघांची मिळून एक सपाट लाट निघते आणि सरळ मागे जाते. मागच्या भिंतीवर तसेच चार, पण उलट्या फेजमध्ये (ढकलण्याऐवजी ओढणारे) आणि लाट पोचायला लागतो तेवढ्या, सुमारे १६ मिलिसेकंद, उशिराने. लाट मागे पोचताच गिळली जाते. बेस इतका स्वच्छ होतो की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो कमी झाल्यासारखा वाटतो. ताठ भिंतींच्या, नीट आयताकृती खोलीत हे फार छान जमतं. मात्र मागचे स्पीकर लाट गिळतात तेव्हा खोलीने दिलेली ती फुकटची उचलही गिळतात. ३१ हर्ट्झखाली सगळी मेहनत स्पीकरांनाच करावी लागते. आठ मोठे स्पीकर परवडत असतील आणि संगीत जास्त ऐकत असाल, तर विचार करा. १५ हर्ट्झचा दाब हवा असेल, तर इन्फिनिट बॅफल.

पेटी एकाच जागी असल्यामुळे लांबीच्या ३१ आणि ६२ हर्ट्झवर उंचवटे-खड्डे येणारच. शक्य असेल तर सोफा मागच्या भिंतीला चिकटवू नका आणि बरोबर मध्यावरही ठेवू नका. बाकी काम मोजून करायचं. कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक, आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर आणि मिनीडीएसपीसारखा छोटा प्रोसेसर एवढं पुरतं. उंचवटे कापा, खड्डे भरायला जाऊ नका. खड्ड्यात कितीही पॉवर ओतली तरी ती वाया जाते. तुमचा जुना १२ इंची यात मिसळू नका. २५ हर्ट्झच्या आसपास त्याची फेज गरकन फिरते आणि नेमक्या हव्या त्या जागी तो चौघांना विरोध करतो.

आता स्पर्श. टाइलखालचा स्लॅब हलणार नाही, म्हणून सोफ्याखाली लाकडी ओटा करा. ८ इंच उंच, आत १६-१६ इंचांवर आडव्या लाकडी पट्ट्या, वर पाऊण इंची प्लायचे दोन थर, खाली जाड रबराचे तुकडे. आतल्या पट्टीला बटकिकरसारखा शेकर (सिग्नलबरोबर लाकूड हादरवणारं यंत्र) बोल्टने आवळा आणि त्याला ४०-५० हर्ट्झच्या खालचाच सिग्नल द्या. आवाज इतपत ठेवा की चालू आहे हे कळू नये आणि बंद केला की काहीतरी गेलं असं वाटावं. ज्यांना फ्लॅटमध्ये राहून हे हवं आहे त्यांनाही मी हेच सांगतो. भिंतीपलीकडच्यांची झोप न मोडता अंगाला बेस द्यायचा, तर हा ओटा आणि सोफ्याच्या पाठीला लागून एक बंद डब्याचा सबवूफर. जवळ असल्यामुळे तो हळू वाजवूनही पुरतो.

सगळं बसल्यावर एक संध्याकाळ फक्त खडखडीसाठी राखून ठेवा. १० पासून १२० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर लावा आणि खोलीभर फिरत प्रत्येक वस्तूवर हात ठेवा. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचे ट्रॅक, पीओपीच्या छतातली ढिली तार, ट्यूबलाइटची पट्टी, स्विचबोर्डचं झाकण, कपाटाची कडी. हात ठेवला की जो आवाज थांबतो तो चोर. रबर, सिलिकॉन, दोन जादा स्क्रू यांनी ऐंशी टक्के चोर पकडले जातात. मग १५ हर्ट्झचा सूर लावून कुणालातरी दार हळूहळू उघडायला सांगा आणि मीटरकडे बघा. आकडा भराभर पडताना दिसेल. तुमच्या दाराच्या रबराची किंमत तेव्हाच कळते.

सुताराला बोलावण्याआधी मला तीन गोष्टी कळवा: अडगळीच्या खोलीची नेमकी उंची, तिचं दुसरं दार कुठे उघडतं, आणि मधल्या चौकटीची आतली रुंदी. ३२ इंचांपेक्षा कमी रुंदी असेल तर चार १५ इंचींची पेटी त्यात बसणार नाही. मग दोन १८ इंची समोरासमोर, असं चित्र काढून देतो.